दोन पेशी 'वेगळ्या झाल्या' असं नक्की कधी म्हणायचं?

शेवंतीची_वेणी
नमस्कार मंडळी. अकरावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात पेशीविभाजन संपवत आणलं होतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढून झालं. शेवटी 'पेशीपटलाला मधोमध खाच पडते, ती खोल जाते आणि दोन कन्यापेशी तयार होतात' असं म्हणून मी डस्टर उचलला, तर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खाच आत जात जात शेवटी एक बारीक धागा उरत असेल ना? तो कोण तोडतं? आपोआप तुटतो की कुणीतरी तोड म्हणून सांगतं?"

मी "छान प्रश्न, उद्या बोलू" म्हणून वेळ मारून नेली. त्याला आता सहा दिवस झाले. पुस्तकात या टप्प्याला चार ओळी आहेत. इथे प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेले लोक आहेत म्हणून विचारतेय. तो शेवटचा धागा कोण कापतं आणि ते कधी कापायचं हे कसं ठरतं? प्रथिनांची नावं आली तरी चालतील, फक्त पोरांना सांगता येईल असं सांगा.

उंटावरचा_शहाणा
सोप्पंय. बांध घातला म्हणून भाऊ वेगळे होत नाहीत, सातबारा फुटला की होतात. तलाठी कोण ते तज्ज्ञ सांगतील. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

सोनचाफा
वाचतेय. धागा वाखूसा.

प्रयोगशाळेतला_उंदीर
शेवंतीताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून एक कटिंग चहा. याच धाग्यावर मी साडेचार वर्षं काढली आहेत (आणि डोळ्याचा नंबर वाढवून घेतला).

आधी डोळ्यांनी काय दिसतं ते सांगतो. हीला पेशी (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या माणसाच्या पेशी) काचेच्या बशीत वाढवायच्या, सूक्ष्मदर्शक उबदार पेटीत ठेवायचा आणि दर दोन-तीन मिनिटांनी फोटो. पेशी गोल होते, गुणसूत्रं दोन टोकांना जातात, मध्ये खाच पडते. खाच आत जायला काही मिनिटं पुरतात. मग दोन्ही पेशी पुन्हा चपट्या होऊन विरुद्ध दिशांना सरकू लागतात, आणि त्यांच्यामध्ये एक केसासारखा पूल राहतो, जाडी साधारण एक-दीड मायक्रॉन. पुलाच्या बरोबर मध्ये एक काळा ठिपका. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, झालं, आता तुटणार. आणि मग तास जातो. कधी दोन तास. काहीच होत नाही! पहाटे तीनला मी त्या ठिपक्याकडे बघत बसलेला असायचो.

म्हणजे खाच पाडणं आणि धागा कापणं ही दोन वेगळी कामं आहेत. यंत्रणा वेगळी, माणसं वेगळी. पुस्तकात ती एका वाक्यात आल्यामुळे सगळा घोळ.

खाच पाडते ती अ‍ॅक्टिन आणि मायोसिनची कडी. तेच मायोसिन कुटुंब, जे आपल्या स्नायूंत असतं. ही कडी पटलाला आतून चिकटलेली असते आणि आवळत जाते. ती कुठे बांधायची हे ठरवतो रो-ए नावाचा छोटा प्रथिन-खटका. तो दाबतं एक्ट-२. आणि एक्ट-२ला बरोबर मधोमध आणून बसवतात गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंच्या मध्यावर जमलेली प्रथिनं. त्यामुळे दोन्हीकडे एकेक संच पोचला की खाच नेमकी त्यांच्यामध्ये पडते.

कडी आवळून आवळून एका मर्यादेपर्यंतच जाते, कारण मध्ये त्या तंतूंची जुडी अडकलेली असते. तोच काळा ठिपका. तिथून पुढे कात्री लागते. ती पुढच्या प्रतिसादात, बॉस येतोय.

बंडूची_आई
अ‍ॅक्टिनची कडी म्हणजे बटव्याची नाडी ना? नाडी कितीही ओढली तरी मध्ये भोक राहतंच. माझ्या आजीच्या बटव्यातून त्या भोकातून लवंगा सांडायच्या.

उंटावरचा_शहाणा
'बॉस येतोय' वर प्रतिसाद तोडणं हाही पेशीविभाजनाचाच प्रकार. धागा लोंबकळत ठेवला.

निवृत्त_मास्तर
बंडूच्या आई, नाडीची उपमा चपखल.

मी छत्तीस वर्षं कांद्याच्या मुळाची स्लाइड करून घेतली. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवायचा, मुळं फुटली की टोकं कापायची, आम्लात मऊ करायची, अ‍ॅसिटोकार्मिन घालून स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच गरम करायची आणि कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा. निम्मी मुलं काच फोडायची. पण लक्षात घ्या, कांद्यात ही नाडी नसतेच. वनस्पतीपेशीला बाहेरून भिंत असते, ती आवळता येत नाही. तिथे मध्यभागी छोट्या पिशव्या येऊन एकमेकींना जुळतात आणि आतून बाहेर अशी भिंत वाढत जाते. प्राण्यात बाहेरून आत, वनस्पतीत आतून बाहेर. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात.

पुस्तकावर राग नको. मुलांना आधी सांगाडा लागतो. आणि तो काळा ठिपका काही कालचा शोध नाही. जर्मनीतल्या वाल्टर फ्लेमिंगने तो १८९१मध्ये नोंदवला होता. 'मायटोसिस' शब्दही त्याचाच. रंगवलेल्या मृत पेशी एकेक पाहून त्याने क्रम लावला, कॅमेऱ्याशिवाय.

प्रयोगशाळेतला_उंदीर
मास्तर +१. फ्लेमिंगचा ठिपका म्हणूनच आम्हीही त्याला ओळखतो. बरीच वर्षं लोक त्याला उरलंसुरलं भंगार समजायचे. प्रत्यक्षात ते नियंत्रण कार्यालय निघालं.

तर कात्री. ठिपक्यावर सेप-५५ नावाचं प्रथिन येऊन बसतं. ते अ‍ॅलिक्स आणि टीएसजी-१०१ या दोघांना बोलावतं. ते दोघं एस्कर्ट-३ कुटुंबातल्या प्रथिनांना बोलावतात, आणि ही प्रथिनं पुलाच्या आतल्या बाजूने एकाला एक जोडून मळसूत्रासारखे वेटोळे घालतात. २०११मध्ये हे वेटोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, एकेक तंतू १७ नॅनोमीटर जाड. दरम्यान स्पास्टिन नावाचं प्रथिन मधली तंतूंची जुडी कापून वाट मोकळी करतं. शेवटी व्हीपीएस-४ येतं, इंधन जाळून वेटोळ्यांची फेररचना करतं, पूल अरुंद होत जातो आणि पटल बंद होतं. बहुधा ठिपक्याच्या एका बाजूला आधी, मग दुसऱ्या बाजूला.

बंडूची_आई
दोन्ही बाजूंना? मग मधला ठिपका कुणाचा?

प्रयोगशाळेतला_उंदीर
कुणाचाच नाही. बाहेर तरंगतो, नाहीतर एखादी पेशी गिळून टाकते.

सोनचाफा
म्हणजे नाळेसारखंच की. दोन ठिकाणी बांधायची, तुकडा टाकून द्यायचा. आमच्याकडे सुईण परसात पुरायची.

चिकित्सक
चर्चा छान, पण भाषेवर आक्षेप आहे. 'बोलावतं', 'वाट मोकळी करतं', 'नियंत्रण कार्यालय'. प्रथिनांना कान नाहीत, ती एकमेकांना बोलावत नाहीत. आकार जुळला की चिकटतात, नाही जुळला की नाही. मुलांना हे असं शिकवलं की पुढे ती 'पेशीला वाटतं' असं उत्तरपत्रिकेत लिहितात. शेवंतीताईंचा प्रश्न 'कोण तोड म्हणून सांगतं' असाच आहे, आणि उत्तर 'कुणीच नाही' हे असलं पाहिजे.

उंटावरचा_शहाणा
चिकित्सकराव, रिक्षावाल्यालाही तुम्ही 'मीटरचा आकार जुळला' म्हणून पैसे देता का? (ह.घ्या.)

प्रयोगशाळेतला_उंदीर
चिकित्सक, तत्त्वतः मान्य. पण 'कुणीच नाही' म्हटलं तर खरी गंमत निसटते. चिकटणं कधी होईल यावर ताबा आहे, आणि तो ताबा बहुतेक वेळा 'आता कर' असा नसून 'अजून नको' असा आहे. दोन उदाहरणं देतो.

पहिलं. सेप-५५ ठिपक्यावर आधीच का येऊन बसत नाही? कारण पोलो-लाइक कायनेज हे एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेटचा गट चिकटवतं, आणि फॉस्फेट असलेलं सेप-५५ तिथे बसू शकत नाही. हेच पोलो आधी रो-एचा खटका दाबायला मदत करतं, म्हणजे खाच सुरू करणारंही तेच आणि कात्री अडवून धरणारंही तेच. खाच पडून झाल्यावर पेशी पोलोलाच मोडीत काढते, यूबिक्विटिनचा शिक्का मारून प्रोटिअसोमच्या चरकात. पोलो गेलं की सेप-५५ मोकळं, ते ठिपक्यावर येतं. एकाच माणसाकडे दोन चाव्या, म्हणून काम उलट्या क्रमाने होऊच शकत नाही. यात कान कुठे आले? पण क्रम आहे ना!

त्याच्याही आधीचा टप्पा सायक्लिन-बी या प्रथिनाचा. ते असेपर्यंत सीडीके-१ हे एन्झाइम चालू, आणि सीडीके-१ चालू असेपर्यंत खाचेची प्रथिनं फॉस्फेटने जखडलेली. सायक्लिन नष्ट झालं की जखड सुटते. सायक्लिन असं ठरावीक वेळी नाहीसं होतं हे टिम हंट यांना १९८२मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत दिसलं. २००१चं नोबेल त्यांना हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत मिळालं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. समजा गुणसूत्राचा एक तुकडा मागे राहिला आणि पुलात अडकला. आता कात्री चालवली तर डीएनएच कापला जाईल. तिथे ऑरोरा-बी हे एन्झाइम चालू राहतं. ते एस्कर्ट-३मधल्या सीएचएमपी-४सी या प्रथिनावर फॉस्फेट लावतं आणि कापणं लांबतं. यीस्टमध्ये हे २००६मध्ये सापडलं, माणसाच्या पेशींत २००९मध्ये, आणि सीएचएमपी-४सीची भूमिका २०१२मध्ये कळली. तुकडा सरकून गेला की ऑरोरा-बी शांत, कात्री सुरू.

उंटावरचा_शहाणा
सापडला तलाठी! ऑरोरा-बी. 'एक कागद कमी आहे, पुढच्या सोमवारी या.'

चिकित्सक
पोलोचं उदाहरण पटलं. एकच प्रथिन दोन ठिकाणी, म्हणून क्रम चुकत नाही, हे वर्गात सांगण्यासारखं आहे. 'मोकळं होतं' चालेल. 'बोलावतं' अजूनही नाही.

कोकणकडा
मी विज्ञानाचा नाही, नारळाचा. पण एक प्रश्न. आमच्या एका पाहुण्याने (कृषी पदवीधर) मागे सांगितलं होतं की शहाळ्याचं पाणी म्हणजे पेशी न झालेली पेशी आहे. तेव्हा हसण्यावारी नेलं. हा धागा वाचून आठवलं. खरं का?

निवृत्त_मास्तर
पाहुणे बरोबर सांगत होते. नारळाच्या बियेतलं अन्न, म्हणजे भ्रूणपोष, सुरुवातीला केंद्रकं वाढवत सुटतं पण मध्ये भिंती घालतच नाही. शेकडो केंद्रकं एकाच द्रवात मोकळी. प्रकलविभाजन होतंय, जीवद्रव्य विभाजन नाही. नंतर केंद्रकं कडेला जमू लागतात, तिथून भिंती पडायला लागतात आणि कवटीला आतून मलई धरते. तीच पुढे खोबरं. अडसर घेऊन शहाळं फोडलंत आणि आत पाणी भरपूर, मलई पातळ साय असेल, तर भिंती घालायचं काम नुकतं सुरू झालंय असं समजा.

कोकणकडा
_/\_ मास्तर. उद्यापासून गिऱ्हाईकाला 'पाण्याचं देऊ की भिंतीचं?' असं विचारतो.

जळगावकर
अवांतर, पण फार नाही. नारळपाण्याने पेशी विभागतात हे १९४०च्या दशकातच लक्षात आलं होतं, ऊतीसंवर्धनाच्या माध्यमात ते घालायचे. नंतर १९५५मध्ये अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांच्या गटाने कायनेटिन वेगळं केलं, तेही हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएतून! तंबाखूच्या खोडातल्या पेशी त्यावाचून नुसत्या फुगायच्या, विभागायच्या नाहीत. कायनेटिन टाकलं की भिंती पडायच्या. म्हणूनच नाव सायटोकायनेसिसवरून (म्हणजे मास्तरांचं जीवद्रव्य विभाजन), आणि त्या सगळ्या कुटुंबाचं नाव सायटोकायनिन.

आमच्याकडे केळीची ऊतीसंवर्धित रोपं येतात ती याच कुटुंबातल्या बीएपीवर वाढवतात. एका कंदाच्या कोंबातून बाटलीत झुबकेच्या झुबके. मात्रा जास्त झाली की विचित्र रोपं निघतात. मला एका वर्षी अशी लॉट मिळाली होती, पानांवर पांढरे पट्टे, घड बुटके. रोपवाटिकेने हात वर केले. असो, जखमेवरची खपली.

डॉक्टर_घरचा
उंदीरभाऊंनी टीएसजी-१०१ आणि अ‍ॅलिक्सचं नाव घेतलं तेव्हा कान टवकारले. ही जोडी आम्हाला वेगळ्या गुन्ह्यात माहीत आहे. एचआयव्ही पेशीतून बाहेर पडताना पटलाचा फुगा करतो, आणि त्या फुग्याची मान कापायला आपलीच एस्कर्टची टोळी वापरतो. विषाणूचं गॅग प्रथिन टीएसजी-१०१ला चिकटतं हे २००१मध्ये कळलं. पेशीविभाजनातही हीच टोळी आहे हे त्यानंतर, २००७मध्ये. म्हणजे चोर आधी सापडला आणि मग कळलं की कात्री घरातलीच होती.

दोन्हीकडे काम एकाच जातीचं आहे: नळीच्या आत बसून नळी बंद करायची.

स्पास्टिनही ओळखीचं. त्याच्या जनुकात बिघाड असला की पायांत आनुवंशिक ताठरपणा येतो, कारण चेतापेशींच्या लांब तंतूंमध्येही त्याला काम असतं. सिट्रॉन कायनेज हे ठिपक्याजवळचं आणखी एक प्रथिन. ते बिघडलं तर गर्भात मेंदूच्या पेशींचं विभाजन नीट पुरं होत नाही, बाळाचं डोकं लहान राहतं.

रानवारा
मग धागा कापलाच गेला नाही तर कॅन्सर होतो का? आईला यकृताचा त्रास आहे, अहवालात 'द्विकेंद्रकी पेशी' असं काहीतरी होतं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

डॉक्टर_घरचा
रानवारा, आधी श्वास घ्या. निरोगी यकृतातही दोन केंद्रकांच्या पेशी नेहमीच असतात. वाढत्या वयात यकृतपेशी मुद्दाम खाच अर्धवट सोडतात. उंदराच्या हृदयाच्या बहुतेक पेशी जन्मानंतर काही दिवसांत द्विकेंद्रकी होतात. प्लेटलेट्स बनवणारी अस्थिमज्जेतली राक्षसी पेशी तर विभाजन पुन्हा पुन्हा अर्ध्यावर सोडूनच इतकी मोठी होते. नुसत्या त्या शब्दावरून काही ठरत नाही. अहवाल घेऊन आईच्या डॉक्टरांना भेटा, इथे निदान नको.

प्रयोगशाळेतला_उंदीर
डॉक्टरांशी सहमत. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. जिथे हे व्हायला नको तिथे झालं तर गुणसूत्रांची संख्या दुप्पट राहते, आणि पुढच्या वेळी दोनाऐवजी चार टोकं ओढाताण करतात. २००५मध्ये उंदरांच्या स्तनपेशींवर प्रयोग झाला. पी-५३ हे पहारेकरी प्रथिन काढून टाकलेल्या पेशींची खाच औषधाने रोखली, दुप्पट गुणसूत्रांच्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उंदरांत टोचल्या. त्यांतून गाठी झाल्या, त्याच जातीच्या साध्या पेशींतून नाही. पहारेकरी जागेवर असेल तर अशा पेशी सहसा पुढे जात नाहीत.

रानवारा
दोघांचेही आभार. उद्या फोन लावते.

बंडूची_आई
मला अजून एक कळलं नाही. उंदीर म्हणतात दोन्ही पेशी विरुद्ध दिशांना सरकतात. मग ओढून ओढून धागा तुटत नाही? कणकेचा गोळा दोन हातांनी ओढला की तुटतोच. कात्री कशाला?

प्रयोगशाळेतला_उंदीर
मलाही आधी हेच वाटायचं. २०१३मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने बघितलं तर उलटंच! पूल ताणलेला असताना कापणं लांबतं. दोन्ही पेशी जवळ आल्या, पूल सैल पडला की एस्कर्ट-३ जमायला लागतं. ओढलं म्हणून तुटत नाही, सैल सोडलं की कापलं जातं.

चिकित्सक
सरसकट नको. मायोसिन-२ काढून टाकलेला डिक्टिओस्टेलियम अमीबा पृष्ठभागावर चिकटलेला असताना ओढाताण करूनच विभागतो, बंडूच्या आईंच्या कणकेसारखा. द्रवात तरंगत ठेवला की विभागत नाही, एका पोत्यात केंद्रकं साठत जातात. १९८७चं काम आहे. म्हणजे ओढून तोडणं हाही एक मार्ग आहे, फक्त हीला पेशीचा नाही.

बंडूची_आई
चला, माझी कणीक निदान अमीबाला लागू पडली.

सोनचाफा
जनुकांची नावं कोण ठेवतं हो? पोलो काय, ऑरोरा काय.

प्रयोगशाळेतला_उंदीर
फळमाशीवाले. त्यांना नावं ठेवायला आवडतं. खाच पाडण्यात लागणाऱ्या एका प्रथिनाचं माशीतलं नाव 'पावारोत्ती', ऑपेरा गायकावरून. ते नसेल तर पेशी विभागत नाहीत, फुगतात. नाव का ठेवलं ते सांगायला नको.

अर्चिनवाल्यांचं वेगळं. रे रॅपापोर्ट यांनी १९६१मध्ये अर्चिनच्याच चुलत घराण्यातल्या सँड डॉलरचं अंडं घेऊन त्याच्या मधोमध काचेचा गोळा दाबला. अंड्याचा झाला मेदूवडा. पहिल्या विभाजनात वडा एका बाजूने तुटून नालेसारखा झाला, दोन टोकांना दोन केंद्रकं. दुसऱ्या वेळी दोन्ही टोकांत खाचा पडल्या, त्या अपेक्षितच. पण नालेच्या वाकलेल्या भागातही तिसरी खाच पडली, जिथे मध्ये गुणसूत्रं नव्हतीच, फक्त शेजारशेजारच्या तंतूंची टोकं समोरासमोर आली होती. खाचेची जागा तंतू ठरवतात, मधल्या गुणसूत्रांची गरज नाही, हे एका काचेच्या गोळ्याने दाखवलं. त्या वेळी रो-एचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

निवृत्त_मास्तर
याला म्हणतात प्रयोग. उपकरण काय, तर एक काचेचा गोळा.

शेवंतीची_वेणी
बाप रे, शाळेतून आले तर एवढं! सगळं दोनदा वाचलं. 'अजून नको' हा मुद्दा मी उद्या घेणार. पण माझ्या शीर्षकातला प्रश्न राहिलाच की. वेगळ्या झाल्या असं *कधी* म्हणायचं? खाच पूर्ण झाल्यावर, की तंतूंची जुडी कापल्यावर, की ठिपका सुटल्यावर? ती मुलगी हे विचारणारच, मी तिला ओळखते.

प्रयोगशाळेतला_उंदीर
आम्ही हे असं मोजायचो. दोघींपैकी एकीत लेसरचा ठिपका टाकून चमकणारं प्रथिन पेटवायचं. दुसरीही हळूहळू चमकू लागली तर पूल उघडा आहे, अजून एकच पेशी. पहिलीच चमकत राहिली, दुसरी काळीच, तर पटल बंद झालं. दिसायला दोन्ही वेळी चित्र सारखंच, मध्ये केसाएवढा पूल. फरक इतकाच की आता ये-जा नाही.

डॉक्टर_घरचा
याला पुरवणी: शुक्राणू बनताना त्यांच्या पूर्वज पेशी विभागतात पण पूल कापतच नाहीत. टेक्स-१४ नावाचं प्रथिन सेप-५५वर जागा अडवून बसतं, त्यामुळे अ‍ॅलिक्स आणि टीएसजी-१०१ला तिथे चिकटता येत नाही. झुंडीच्या झुंडी एकमेकींना जोडलेल्या, रसद सामाईक. टेक्स-१४ नसलेले नर उंदीर वंध्य असतात.

चिकित्सक
'चिकटता येत नाही.' धन्यवाद.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे एक्स आणि वायवाले भाऊ शेवटपर्यंत एकत्र कुटुंबात, आणि कन्यापेशी मात्र लगेच सासरी. पुरुषप्रधान जीवशास्त्राचा निषेध.

शेवंतीची_वेणी
आज वर्गात सांगितलं. लेसर नव्हता, म्हणून बाटलीतली शाई आणि दोन फुगे पारदर्शक नळीने जोडून नेले. एका फुग्यात पाणी आणि शाई, दुसऱ्यात नुसतं पाणी. नळीला चिमटा लावायच्या आधी एकदा, नंतर एकदा. दुसऱ्या वेळी फुगा फुटला, पहिल्या बाकावरच्या दोघी निळ्या झाल्या.

मागच्या बाकावरची ती काही बोलली नाही. वही मिटताना म्हणाली, "मॅडम, मग नारळात पहिली भिंत घालायची वेळ कोण ठरवतं?"

मास्तर, कोकणकडा, लवकर या.